खांबावरचा कॅमेरा ठेवायचा की काढायचा?

गेल्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची उपासना, संपवून बाहेर पडताना दारातच एक कागद हातात मिळाला. 'ऑनलाइन मिस्सा सेवा : आपला अभिप्राय'. रंगवायला पाच चांदण्या आणि लिहायला चार ओळी. कोविडमध्ये खांबावर बसवलेला कॅमेरा आता काढावा की राहू द्यावा, हे समितीला ठरवायचंय. इंटरनेटचं बिल येतं, एका पोराचा दर रविवार त्यात जातो, आणि पाहणारे किती, तर कधी एकोणीस, कधी अकरा. चार ओळींत माझं भागणार नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. गावाचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि मला तिथेच राहायचंय. वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं, केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांचं गाव, एवढं पुरे.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे मिस्सा मराठीत होते, घरात आमची बोली चालते आणि आडनावं पोर्तुगीज काळातली: लोपीस, डाबरे, रुमाव, तुस्कानो, घोन्साल्विस. चर्चला आम्ही चर्चच म्हणतो आणि दफनभूमीला सिमेट्री. बाकी लुगडं, कालवण, पाटावरची भांडणं सगळं आजूबाजूच्या गावांसारखंच.

मार्च २०२० मध्ये चर्च बंद झालं तेव्हा आम्हाला वाटलं, ईस्टरपर्यंत उघडेल. ईस्टर १२ एप्रिलला होता. तो गेला. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी करू नका, असं त्या वर्षी रोमहूनच आलं होतं. त्याआधी २७ मार्चच्या रात्री साडेदहाला आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. पाऊस पडत होता, संत पीटरचा चौक रिकामा होता आणि पोप फ्रान्सिस एकटेच चालत वर जात होते. पप्पा म्हणाले, "एवढ्या मोठ्या अंगणात एकटा म्हातारा. कोणीतरी छत्री धरा रे." तो कार्यक्रम मात्र निर्दोष होता. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. त्याच्याशी आमच्या चर्चची तुलना करणं अन्यायाचं आहे हे मला कळतं, पण पप्पांनी केली. पुढच्या रविवारी आमच्या फादरांची पहिली ऑनलाइन मिस्सा लागली आणि पडद्यावर निम्मा वेळ पंखा दिसत होता.

त्याचं कारण असं. मोबाइलवरून यूट्यूबवर थेट दाखवायचं तर त्या वेळी चॅनेलला हजार सदस्य लागत. आमच्या चॅनेलचे होते बासष्ट, तेही नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धेमुळे. म्हणून पोरांनी कोणाच्या तरी लॅपटॉपचा कॅमेरा वापरला. तो वेदीसमोर टेबलावर ठेवला की वर बघायचा. मग हजार सदस्य गोळा करायची मोहीम निघाली. ज्या आजीला फोन उचलता येत नाही तिच्याही फोनवरून लाल बटण दाबून घेतलं. नातवाच्या फोनवरून, सुनेच्या फोनवरून, कुवेतच्या, दुबईच्या, कॅनडाच्या नातेवाइकांकडून. आमच्या घरातून सात सदस्य झाले आणि माणसं होतो पाच. जून संपता संपता हजार झाले, मोबाइल खांबाला बांधला, आणि तेव्हापासून निदान फादर दिसू लागले. खरा कॅमेरा पुढे देणगीतून आला.

आता सेवेबद्दल.

चित्राला मी दोन चांदण्या देते. खांब डाव्या बाजूचा आहे. वेदी तिरकी दिसते आणि वाचन करणारा माणूस अजिबात दिसत नाही, नुसतं एक कोपर दिसतं. तीन वर्षं मी कोपरावरून माणसं ओळखायला शिकले. खांब बदला असं मी दोनदा सांगितलं. वायर पुरत नाही असं उत्तर मिळालं. वायर बाजारात मिळते.

आवाजाला एक चांदणी. माइक आणि कॅमेरा यांचं लग्न कधी लागलंच नाही. चर्चच्या भोंग्यातून निघालेला आवाज कॅमेरा ऐकतो, त्यामुळे प्रवचन विहिरीतून आल्यासारखं येतं. प्रवचनाच्या बाबतीत काहींना हा फायदाही वाटला असेल.

बाजूला लोकांचे संदेश वाहत असतात, त्याला मात्र साडेचार. सुरुवातीला सगळे 'आमेन' लिहायचे. मग 'आवाज येत नाही'. मग 'फादर माइक चालू करा', जणू फादर वेदीवर उभं राहून फोन वाचताहेत. मग कोणीतरी कुवेतहून 'आई दिसली का कोणाला, फोन उचलत नाही', आणि तीन घरं सोडून राहणारी बाई लिहिते, 'आहे, ओटीवर बसली आहे, फोन आत आहे'. हे सगळं अर्पणाच्या वेळी. पूर्वी मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर जे बोललं जायचं ते तिथे येऊन बसलं होतं. त्या दिवसांत पायऱ्या रिकाम्या होत्या, तेव्हा मी याबद्दल कुरकुर करणार नाही.

आई त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पहिल्या दिवशी फोन मसाल्याच्या बरणीला टेकवून ठेवला तर ती उठून आत गेली आणि मिस्सेचं लाल लुगडं नेसून आली. "घरी बसून बघायचंय," मी म्हटलं. "फादर बघतात ना," ती म्हणाली. फादर आपल्याला बघत नाहीत हे मी तिला कधीच सांगितलं नाही. उभं राहायच्या वेळी उभी, गुडघ्यावर यायच्या वेळी पलंगाला धरून गुडघ्यावर. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत हातावर मिळणारी पवित्र भाकर, घेता येत नसलं की म्हणायची संत आल्फान्सस लिगोरी यांची एक छोटी प्रार्थना आहे, ती फादर रोज सांगायचे. आईला ती आठ दिवसांत पाठ झाली. पण प्रत्येक वेळी संपल्यावर ती हात पुढे करून थोडी थांबायची. सवय.

जुलैमध्ये पप्पा गेले. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कोणाला बोल लावायचा नाही. आम्ही घरातले सगळे तेव्हा विलगीकरणात होतो. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, पण आमच्यापैकी एकालाही जाता आलं नाही. दफन नाही, दहन झालं. आमच्या धर्मात १९६३ पासून दहनाला मनाई नाही, पण अस्थी घरात ठेवायच्या नाहीत, विखुरायच्या नाहीत, पवित्र जागी पुरायच्या असा नियम आहे. फादरांनी कलश ठेवून घेतला आणि सप्टेंबरात सहा माणसांत तो सिमेट्रीत पुरला. मी एवढंच सांगते, कारण त्याशिवाय २ नोव्हेंबरचं कळणार नाही.

२ नोव्हेंबर म्हणजे आमचा सर्व मृतांचा दिवस. एरवी आठवडाभर आधी सिमेट्रीत झाडलोट, क्रुसांना पांढरा रंग, मग त्या संध्याकाळी फुलं, मेणबत्त्या आणि अख्खं गाव. कोणाच्या तरी थडग्यावर कोणाचं तरी बाळ बसलेलं असतं. त्या एका दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करता येतात, ही मुभा पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१५ मध्ये दिली, पहिलं महायुद्ध चालू असताना. २०२० मध्ये फादरांनी तिन्ही मिस्सा केल्या. बाकांवर कोणीच नव्हतं.

चर्च बंद आणि सिमेट्रीचं फाटकही बंद. राज्यात बार ५ ऑक्टोबरला उघडले होते. देवळं कधी उघडायची यावरून राज्यपालांचं मुख्यमंत्र्यांना पत्र गेलं होतं आणि टीव्हीवर रोज भांडण चालू होतं. प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. म्हणजे आमचा दिवस बरोबर चौदा दिवसांनी हुकला. विलगीकरणाचा तेवढा काळ! आई म्हणाली, "मेलेल्यांना कसली घाई." पण तिलाच होती.

रोमहून मात्र एक बरं झालं. एरवी १ ते ८ नोव्हेंबर या आठ दिवसांत सिमेट्रीत जाऊन प्रार्थना केली तर शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध होत असलेल्या आत्म्यांसाठी पूर्ण दंडमाफी, म्हणजे पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका, मिळते. ऑक्टोबरच्या शेवटी तिथून फर्मान आलं, की या वर्षी हे आठ दिवस अख्ख्या नोव्हेंबरात कधीही चालतील, आणि म्हातारी, आजारी माणसं घरातल्या येशूच्या किंवा मारियेच्या चित्रापुढे बसून प्रार्थना करू शकतील. फादरांनी हे त्या विहिरीतल्या आवाजात सांगितलं. आईनं मला तीनदा परत लावायला लावलं. तिला खात्री करून घ्यायची होती की घरातलं चित्र चालेल. आमचं चित्र कॅलेंडरचं आहे, १९९८ चं, वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला त्या वर्षाचं. चालेल म्हटलं.

आता फुलांचं. आमच्या घरी कागडा आणि सोनचाफा. माझी आई चाळीस वर्षं पहाटेच्या गाडीनं दादरला फुलं घेऊन गेली, मग मी. २०२० मध्ये लोकल मार्चपासून आम्हाला बंद होती. २१ ऑक्टोबरला बायकांना परवानगी मिळाली, पण सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. अकरा वाजता दादरला फुलं नेऊन काय करायचं? ती कोमेजलेली घेणार कोण? तर त्या नोव्हेंबरात गावात फुलं होती, विकायला जागा नव्हती आणि ठेवायला थडगं नव्हतं. दुपारी कोणीतरी सिमेट्रीच्या फाटकाला एक हार बांधला. संध्याकाळी चार वाजता मी गेले तेव्हा फाटकाचे गज दिसत नव्हते. एका पोलिसानं गर्दी करू नका म्हणून सांगितलं आणि स्वतः टोपी काढून उभा राहिला. मी माझी टोपली खाली ठेवली, दोन मिनिटं थांबले आणि घरी पळाले, कारण पाचला मिस्सा लागणार होती आणि आईला फोन लावता येत नाही.

मिस्सेच्या आधी पोरांनी सिमेट्रीचा व्हिडिओ दाखवला. परवानगी घेऊन दोघे आत गेले होते, प्रत्येक रांगेतून चालत. कल्पना उत्तम, पूर्ण पाच. काम अडीच. कारण पोरगं चालत नव्हतं, पळत होतं. माझा भाऊ कुवेतमध्ये, तिथे दुपारचे अडीच. तो फोन थांबवून थांबवून एकेक क्रूस बघत होता. आजी सापडली, मोठे काका सापडले. पप्पांचा कोपरा नव्हता. फोनमधली जागा संपली म्हणे. मी संदेशांत काही लिहिलं नाही. भावानं लिहिलं, 'मागची भिंत राहिली'. एवढंच. रात्री नऊला त्याच पोरानं पप्पांच्या जागेचा वेगळा व्हिडिओ पाठवला, टॉर्चच्या उजेडात, हळूहळू चालत. कलशावरची माती अजून उंच होती. त्यावर एक मेणबत्ती होती, ती कोणी लावली हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. अडीचाचे चार केले.

मग नावं. हे लिहिण्यासाठीच खरं तर मी बसले.

नावं गोळा करायला चर्च बंद होतं, म्हणून वही दुधाच्या डेअरीवर ठेवली होती. दूध घ्यायला आलेला माणूस आपल्या घरातल्या मृतांची नावं लिहून जायचा. व्हॉट्सअॅपवरूनही आली. मिस्सेनंतर ती वाचायची होती. वाचायला एक शिक्षिका बाई होत्या. त्यांचा आवाज चांगला आहे, शाळेत हजेरी घेतात तसा. त्यांनी सुरुवात केली आणि पाच मिनिटांत संदेशांचा पूर आला. 'कोणता लोपीस?' 'कुठल्या आळीचा?' 'हा आमचा की त्यांचा?' आमच्याकडे नावं पंधरा-वीस आणि माणसं शेकडो. एकाच नावाची, एकाच आडनावाची तीन माणसं एकाच आळीत असतात. म्हणून प्रत्येक घराला एक दुसरं नाव असतं, कागदावर नसलेलं. कोणी चिंचेकडचे, कोणी मोठ्या विहिरीवरचे, कोणी आजोबांच्या चिडक्या स्वभावावरून पडलेलं काहीतरी, जे इथे लिहिता येणार नाही. नुसतं सरकारी नाव वाचलं तर मृत कोणाचा हे मृतालाही कळायचं नाही.

बाई थांबल्या. पडद्यावर कोपर हललं आणि दुसरं कोपर आलं. ते घंटेवाल्या काकांचं होतं. काका पंचेचाळीस वर्षं चर्चची घंटा वाजवतात. कोण गेलं की आधी त्यांना कळतं. त्यांनी वही पहिल्या पानापासून पुन्हा घेतली. नाव, मग घर, मग कधी कधी एखादा शब्द. 'केळीवाला.' 'आर्मोनियम वाजवायचा तो.' 'मुंबईला होती, शेवटी इथेच आली.' घाई नाही. मध्येच चष्मा पुसायचे. दोनदा इंटरनेट गेलं, दोनदा परत आलं, आणि दोन्ही वेळा काकांनी मागची चार-पाच नावं पुन्हा घेतली, कारण पोरानं त्यांना खूण केली असावी. संदेशांत आता कोणी 'कोणता' विचारत नव्हतं. तिथे नुसत्या मेणबत्त्या येत होत्या, ओळीनं, थांबत नव्हत्या.

एक तास दहा मिनिटं ते चाललं. आई ताठ बसून होती. पप्पांचं नाव येईल येईल म्हणताना चित्र अडकलं, फिरणारं चक्र आलं, पण आवाज राहिला. काकांनी नाव घेतलं, 'चिंचेकडचा' म्हणाले, आणि पुढे म्हणाले, 'पहाटेच्या गाडीला फुलांची पाटी नेणारा.'

आई काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "पाटी माझी असायची. तो नुसता स्टेशनपर्यंत यायचा."

मी हसले, ती हसली, मग आम्ही दोघी रडलो. जुलैपासून पहिल्यांदा एकत्र. भावाचा फोन आला, तोही तिकडे हसत होता. "काकांना सांग, चूक दुरुस्त करा," तो म्हणाला. मी सांगितलं नाही. आईनं सांगितलं, दोन आठवड्यांनी चर्च उघडलं तेव्हा, तोंडावर मास्क लावून, पट्ट्या चिकटवलेल्या बाकांच्या मधून चालत जाऊन. दाराजवळचं पवित्र पाण्याचं भांडं कोरडं होतं, तिनं सवयीनं त्यात बोटं बुडवली, रिकामी कपाळाला लावली आणि सरळ काकांकडे गेली. पुढच्या वर्षी वहीत दुरुस्ती झालेली होती.

पुढचं थोडक्यात. २०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला झाला आणि ५ तारखेपासून पुन्हा निर्बंध आले. पुन्हा खांब, पुन्हा कोपर. १७ मे ला तौक्ते वादळानं केळी झोपवली, आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती, फोनही मेले. तेव्हा काकांनी रोज संध्याकाळी सातला घंटा वाजवली आणि लोकांनी आपापल्या ओटीवर बसून रोझरी म्हटली. एका आळीची प्रार्थना दुसरीला ऐकू जात होती. एवढी सेवा विनाखर्च. ७ ऑक्टोबरला दारं उघडली ती आजपर्यंत उघडी आहेत.

तर ठेवायचा की काढायचा?

ठेवा. अकरा पाहणाऱ्यांपैकी एक माझी आई आहे. आता तिला पायऱ्या चढवत नाहीत. ती अजून लुगडं नेसून बसते. दुसरा माझा भाऊ आहे, कुवेतचा. उरलेले नऊ कोण हे समितीनं एकदा घरोघर जाऊन बघावं, चर्चच्या आत बसून आकडा मोजण्यापेक्षा. बहुतेक पलंगावरची माणसं निघतील. ती फॉर्म भरायला दारात येणार नाहीत, हे फॉर्म दारात वाटणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

पण खांब बदला. वायरचे पैसे मी देते, लिहून देते. माइकची तार थेट कॅमेऱ्याला जोडा, आमच्या आळीतला इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करून देईल, चहावर. २ नोव्हेंबरला सिमेट्रीत आता सगळे जातात, तरी व्हिडिओ बंद करू नका, फक्त ज्याला चालता येतं अशा पोराकडे द्या. आणि नावं काकांनाच वाचू द्या. काका थकलेत. त्यांच्या शेजारी एखाद्या मुलीला बसवा, वहीच्या समासात घरांची नावं लिहून घ्यायला. गेल्या वर्षी बाईंनी पुन्हा एकटीनं वाचून पंचवीस मिनिटांत उरकलं आणि आईनं मला विचारलं, "आपलं झालं का?" झालं होतं. तिला कळलंच नव्हतं.

चांदण्या मी साडेतीन रंगवल्यात, अर्धी रंगवता येते का हे कागदावर दिलेलं नाही. खाली नावाची जागा आहे. तिथे नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि पुढे 'चिंचेकडची' लिहिलं. माझ्याच नावाच्या अजून दोघी आहेत आळीत, त्यातली एक कॅमेरा काढा म्हणते.